चोर सोडून झाडाला फाशी

वळवाचा पहिला दणका बसला की बेळगावात दोन तट पडतात, दरवर्षी पडतात. एप्रिल-मेची दुपार तापून तापून सायंकाळी आभाळ काळंकुट्ट होतंय, धुळीचा लोट उठतो, पंधरा-वीस मिनिटं सोसाट्याचं वारं, टपोरे थेंब, कधी गारा, आणि वारं थांबायच्या आत व्हॉट्सअॅपवर फोटो सुरू होतात. टिळकवाडीत कारवर झाड, कॅम्पात रस्ता बंद, वडगावात पत्रे उडाले, खानापूरकडं खांब वाकले, लाईट कधी येणार कुणालाच माहीत नाही. मग एक तट म्हणतो, "रस्त्याकडंची झाडं एकदाची काढून टाका की ओ, माणसं मरायची वाट बघालात काय?" आणि दुसरा तट म्हणतो, झाडाला हात लावाल तर याद राखा, एक फांदीसुद्धा तोडू देणार नाही. दोन दिवस ही जुंपते, तिसऱ्या दिवशी लाईट येते, आणि सगळं पुढच्या वळवापर्यंत थंड.

मला हा वादच मुळात चुकीच्या जागी चाललाय असं वाटतं. झाड ठेवायचं की तोडायचं हा प्रश्नच नाही. वारं आपल्याकडं दरवर्षी येतं, ठराविक महिन्यांत येतं, बहुतेक वेळा दुपारनंतरच येतं, त्याचा जोर किती असतो ते देशाच्या बांधकामाच्या नियमांत लिहून ठेवलेलं आहे. असं असताना आपण प्रत्येक वेळी नवीन काहीतरी अंगावर कोसळल्यासारखं "नैसर्गिक आपत्ती" म्हणून मोकळे होतो. माझं म्हणणं एवढंच, की वळवात जे पडतं त्यातलं बरंचसं वाऱ्याच्या आधीच माणसानं पाडायच्या बेताला आणून ठेवलेलं असतं. झाडाची मुळं आपण कापली, पत्रा आपण नुसत्या दगडावर ठेवला, होर्डिंग आपण मापाबाहेर उभं केलं, तार आपण फांदीत घालून ओढली. हे कुणी केलं ते विचारायचं सोडून झाडाला शिक्षा द्यायची, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आता झाडं तोडा म्हणणाऱ्यांना मी मूर्ख समजत नाही. त्यांचा मुद्दा खरा आहे आणि तो सगळ्यात जड मुद्दा आहे. झाड पडून माणूस जातो तेव्हा त्याच्या घरच्यांना ऑक्सिजन, सावली, पाखरं यावर भाषण द्यायला कुणाची जीभ उचलेल? शाळा सुटायच्या वेळेला वारं सुटतं, रिक्षात पोरं कोंबलेली असतात, आई दारात उभी असते, तिच्या जिवाची घालमेल खोटी नाही. पोकळ झालेलं, अर्धं वाळलेलं, बुडाला बुरशी धरलेलं झाड रस्त्यावर कललेलं असेल तर ते काढलंच पाहिजे आणि त्यासाठी परवानगीच्या कागदावर सहा-सहा महिने बसून राहणं हा गुन्हाच आहे. कर्नाटकात 1976 चा वृक्ष जतन कायदा आहे, वनखात्याची परवानगी लागते, ती लागलीच पाहिजे, पण धोक्याच्या झाडाचा निकाल दिवसांत लागायला पाहिजे. गुलमोहर आणि रेन ट्रीसारखी झपाट्यानं वाढणारी, फांद्या लांब पसरणारी झाडं अरुंद रस्त्याला लावली हेही चुकलंच. एवढं सगळं मान्य. पण यातून "सगळी झाडं काढा" हे कसं काय निघतं? एसटी पलटी झाली म्हणून कुणी रस्ते उखडून टाका म्हणत नाही.

वळवाचं वारं येतं कसं ते आधी बघू, कारण ते समजलं की निम्मा वाद संपतो. तापलेली जमीन हवा वर ढकलते, समुद्राकडून आलेला दमटपणा तिला मिळतो, ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. मग त्यातून पाऊस-गारा खाली यायला लागल्या की खालच्या कोरड्या हवेत त्यातलं पाणी वाळतं, हवा गार होते, गार हवा जड, ती जड हवा ढगातून धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूला पसरते. फरशीवर बादलीभर पाणी वरून ओतलं की कसं पसरतं, तसं. म्हणून पावसाच्या आधी वारं येतं, म्हणून ते गार असतं, म्हणून एका गल्लीत पत्रे जातात आणि शेजारच्या गल्लीत कपडे दोरीवर तसेच राहतात. आणि म्हणूनच ते दहा-वीस मिनिटांत संपतं. जून-जुलैचं वारं वेगळं. ते घाटावरून, जांबोटी-चोर्ल्याकडून दिवसच्या दिवस सलग येतं, जोर कमी असतो पण जमीन भिजून लोणी झालेली असते. वळवात फांद्या, पत्रे, खांब जातात. आषाढात अख्खी झाडं मुळासकट लोळतात. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत, पण आपल्या चर्चेत सगळा एकच काला.

मग विचारा, किती वाऱ्याला झाड पडायला पाहिजे? ब्रिटिश नौदलातल्या ब्यूफोर्ट नावाच्या अधिकाऱ्यानं 1805 साली वारं मोजायची एक पट्टी केली, पुढं तिला जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या, आजही जगभर ती वापरतात. त्या पट्टीत तासाला 62 ते 74 किलोमीटरच्या वाऱ्याला झाडाच्या लहान डहाळ्या मोडतात असं आहे. 75 ते 88 ला कौलं उडतात. झाडं उन्मळून पडतात ती 89 च्या पुढं. हे आकडे सरासरी वाऱ्याचे आहेत, मधला एखादा झोत त्याहून जोराचा असतो, हे मी धरून चालतो. तरीसुद्धा धडधाकट झाड पाडायला मोठं वारं लागतं हे तर खरं ना? आता दुसरा आकडा बघा. इमारतीवर वाऱ्याचा भार किती धरायचा याचा भारतीय मानक आयएस 875, त्याचा तिसरा भाग. देशाचे वाऱ्याप्रमाणं पट्टे पाडलेत, त्यातल्या सगळ्यात सौम्य पट्ट्यातसुद्धा सेकंदाला 33 मीटरचा झोत धरायचा असतो. म्हणजे तासाला जवळजवळ 119 किलोमीटर. सगळ्यात सौम्य पट्ट्यात! मग साठ-सत्तरच्या वाऱ्याला आपल्याकडं शेड, खांब, कमानी आडव्या व्हायला लागल्या तर वारं जास्त झालं म्हणायचं की बांधकाम कमी झालं म्हणायचं?

झाडाचंही तसंच. पडलेलं झाड बघायला लोक जमतात तेव्हा सगळे बुंध्याकडं आणि दबलेल्या गाडीकडं बघतात, मुळाकडं कुणी जात नाही. जाऊन बघा एकदा. रस्त्याकडंचा मोठा गुलमोहर आडवा झालाय, मुळांची चकती उभी राहिलीय, माणसाच्या उंचीची, पण ती गोल नाहीच. गटाराच्या बाजूला ती सरळ रेषेत संपते. हाताच्या मनगटाएवढी मुळं एका ओळीत कापलेली, जेसीबीच्या बकेटनं पिळून तोडलेली, कापलेल्या तोंडाला रेषा सुटलेल्या आणि ती तोंडं काळी पडून भुसभुशीत झालेली, बोटानं दाबलं तर आत जातंय. म्हणजे जखम कालची नाही, दोन-तीन पावसाळे जुनी. मध्येच केबलचा केशरी पाईप, फरशीचे तुकडे, सिमेंटचा गोळा बुंध्याला चिकटून. दुसऱ्या बाजूला डांबर बुंध्यापर्यंत आलेलं. झाडाचं मूळ सरळ पाताळात जातं अशी आपली समजूत आहे, पण तसं नसतं. बहुतेक झाडांची बरीचशी मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. म्हणजे बुंध्यापासून चार फुटांवर तीन फूट खोल चर मारला की त्या बाजूचा आधार जवळपास संपला. पाण्याची लाईन, गटार, केबल, गॅस, फूटपाथ, परत केबल, प्रत्येक जण येऊन एकेक चर मारून जातो. वर तारांच्या बाजूच्या फांद्या दरवर्षी छाटायच्या, म्हणजे सगळा भार रस्त्याच्या बाजूला. खालून एक बाजू कापलेली, वरून दुसरी बाजू जड. अशा झाडाला पडायला वादळ कशाला पाहिजे?

बेळगावचं नाव स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत 2016 च्या जानेवारीत आलं, त्यानंतर गावात काँक्रीटचे रस्ते आणि फरशीचे फूटपाथ वाढले, ते बरेच झाले, चिखल गेला, मी त्याच्या विरोधात नाही. पण दिल्लीत असंच सगळं बुंध्यापर्यंत सिमेंटनं बुजवत आणल्यावर 2013 साली राष्ट्रीय हरित लवादानं हुकूम काढला की झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी करा. एक मीटर म्हणजे फार नाही, एका स्कूटरच्या लांबीपेक्षा कमी. ती जागा आपल्याकडं सोडायला काय अडचण आहे?

इंग्लंडात 1987 च्या ऑक्टोबरमध्ये, 15 तारखेच्या रात्री, एवढं मोठं वादळ आलं की दीड कोटीच्या आसपास झाडं एका रात्रीत गेली. लंडनजवळ क्यू नावाची प्रसिद्ध वनस्पतीबाग आहे, तिथलीही शेकडो गेली. तिथं एक जुना ओक होता, तो आधीपासूनच खंगत चाललेला. वाऱ्यानं तो मुळासकट उचलला आणि परत त्याच जागी ठेवला. बागेचे लोक पडलेली झाडं आवरण्यात गुंतले, याला टेकू दिला आणि म्हटलं नंतर बघू. तीन वर्षांनी बघतात तर तो ओक आधीपेक्षा जोमात. का? तर लोकांच्या पायाखाली वर्षानुवर्षं माती दाबून घट्ट झालेली होती, मुळांना हवा-पाणी मिळत नव्हतं, वाऱ्यानं ती माती हलवून सैल केली. तेव्हापासून क्यूमध्ये जुन्या झाडांच्या बुडाची माती मुद्दाम सैल करायला लागले आणि ही पद्धत बाहेरही गेली. एवढ्या मोठ्या वादळातून त्यांनी काढलेला धडा मातीचा होता, करवतीचा नव्हता. आपल्याकडं वडगाव-येळ्ळूरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिकट होते, पश्चिमेला जांभ्याची तांबडी माती, तिच्यात कठीण थर वरच लागतो. दोन्हीकडं मुळांना आधीच कमी जागा. त्यावर आपण रोलर फिरवतो.

आणखी एक गोष्ट, जी रस्ता रुंदीकरणाच्या वेळी कुणीच बोलत नाही. झाडं रांगेनं वाढलेली असली की बाहेरच्या झाडानं वारं अंगावर घेतलेलं असतं, आतलं झाड त्याच्या आडोशाला वाढलेलं असतं. वाऱ्यात हलत वाढलेल्या झाडाचा बुंधा जाड होतो, मुळं पसरतात, आडोशाचं झाड तेवढं घट्ट होत नाही. रुंदीकरणात बाहेरची रांग काढली की आतलं झाड पहिल्यांदाच उघड्यावर येतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात पडतं. मग लोक म्हणतात बघा, उरलेलीही धोक्याचीच होती. बेळगाव-खानापूर रस्त्याची दुतर्फाची जुनी झाडं गेली त्याची हळहळ सगळ्यांना आहे, पण त्या रांगा नुसत्या सावलीसाठी नव्हत्या. झाडांची दाट ओळ वारं अडवते, तिच्या पलीकडं ओळीच्या उंचीच्या दहा-पंधरा पटीच्या अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी राहतो. अथणीच्या द्राक्षबागेला, निपाणी-चिकोडीच्या उसाला बांधावरची झाडं का राखायची हे जुन्या शेतकऱ्याला सांगावं लागत नव्हतं. ऊस एकदा लोळला की वजन घटतं, तोडणीवाले जास्त मागतात, उंदीर लागतात. म्हणजे झाडं काढून वाऱ्यापासून वाचायचं म्हणणारे वाऱ्यालाच वाट करून देतात.

आता झाडप्रेमींना दोन शब्द, कारण माझे बरेच मित्र त्यातलेच आहेत आणि त्यांच्याविषयी माया आहे म्हणूनच बोलतो. "एकही झाड तोडू देणार नाही" ही घोषणा ऐकायला छान, पण तिनं झाडांचंच नुकसान होतं. मेलेलं झाड वाचवायला तुम्ही रस्त्यावर बसलात आणि पुढच्या महिन्यात ते कुणावर पडलं, की शेजारची पन्नास जिवंत झाडं त्या रागात जातात. बुंध्याला पार बांधून, फरशी लावून, रंगवून, त्यावर देवाचा फोटो ठेवून झाड वाचत नाही, ते पार त्याचा गळा दाबतात. आणि रोप लावायच्या कार्यक्रमाला दोनशे माणसं, पण चर खणणारा जेसीबी आला तेव्हा "दादा, मुळापासून लांब घे" म्हणायला कोण होतं? छाटणीचंही तेच. मधली फांदी अर्ध्यावर तोडून खुंट ठेवतात, त्या खुंटातून दाट कोंब फुटतात, लोकांना वाटतं झाड हिरवं झालं, पण ते कोंब वरवरच्या लाकडालाच धरलेले असतात आणि चार-पाच वर्षांनी पहिल्या वाऱ्याला तेच खाली येतात. फांदी जिथं बुंध्याला मिळते तिथल्या फुगीर कड्याच्या बाहेरून स्वच्छ कापायची, एवढं साधं तंत्र आहे, पण छाटणीचं काम तारा मोकळ्या करायचं समजलं जातं, झाडाचं समजलंच जात नाही.

झाडाचं एवढं बोलणं होतं, पत्र्याचं कुणी बोलतच नाही. सीमाभागातल्या गावागावांत आधी कौलं होती. खानापूरची कौलं तर लांब लांब जायची. कौलारू छप्पर जड असतं आणि त्याच्या फटीफटीतून आतली हवा बाहेर पडते, वाऱ्यात चार-दोन कौलं सरकतात, फुटतात, घर राहतं. मग माकडांचा त्रास, दरवर्षी कौलं शाकारायची कटकट, कामाला माणसं मिळेनात, म्हणून पत्रे आले. त्यात चूक काही नाही. पण पत्रा हलका आणि अख्खा, हवा बाहेर जायला फट नाही, आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे वारं दुप्पट झालं की ओढ चौपट. सेकंदाला 10 मीटरच्या, म्हणजे तासाला 36 किलोमीटरच्या झोताला दहा फूट बाय साडेतीन फुटाच्या पत्र्यावर साधारण 20 किलोची ओढ. 72 च्या झोताला तीच 80 किलो. पत्र्याचं स्वतःचं वजन 13-14 किलो. आणि आपण त्यावर ठेवतो काय? चार दगड, वाळूचं एक पोतं, जुना टायर. तो दगडच मग शेजारच्याच्या डोक्यात जातो. उडालेला पत्रा हातात घेऊन बघितला तर गोष्ट कळते, भोक गोल राहिलेलं नसतं, लांबट फाटलेलं असतं, कारण हूक सैल होता, वॉशर नव्हता, वर्षभर पत्रा थडथडत होता आणि दर वाऱ्याला भोक थोडं थोडं मोठं होत होतं. वाऱ्याची ओढ छपराच्या कडेला आणि कोपऱ्याला सगळ्यात जास्त असते, मधल्या भागापेक्षा कितीतरी जास्त, आणि फिटर स्क्रू वाचवतो तो नेमका कडेलाच. कडेला दुप्पट स्क्रू, प्रत्येकाला रबरी वॉशर, पाईप भिंतीत लोखंडी पट्टीनं धरलेला, एवढं केलं तर निम्मी घरं वाचतील. याला इंजिनिअरची पदवी लागत नाही, गावच्या वेल्डरला एकदा समजावलं की बास. पंचायतीनं एखादा दिवस त्यांनाच बसवून दाखवलं तरी चालेल.

"पण वाऱ्यापुढं कुणाचं काय चालतंय" हे वाक्य आपल्याकडं फार चालतं. स्कॉटलंडमध्ये 1879 च्या 28 डिसेंबरला रात्री टे नदीवरचा रेल्वे पूल वादळात कोसळला, वर गाडी होती, ती डब्यांसकट नदीत गेली, एक माणूस वाचला नाही. पूल उघडून दोन वर्षंही झाली नव्हती. तेव्हाही लोक म्हणाले, देवाची मर्जी, केवढं वारं होतं. चौकशी बसली. चौकशीत निघालं की पूल आखणारे थॉमस बाउच यांनी वाऱ्याच्या भाराचा वेगळा हिशोबच धरला नव्हता, आणि ठपका आला तो असा, की रचना वाईट, बांधणी वाईट, देखभाल वाईट. मग शेजारच्या फोर्थ नदीवर पूल बांधायच्या वेळी आधी वारं मोजायला यंत्रं बसवली, चौरस फुटाला 56 पौंडाचा दाब धरला, आणि 1890 ला उघडलेला तो पूल आजही उभा आहे, त्यावरून आजही रेल्वे जाते. वारं काय स्कॉटलंडमधून निघून गेलं? आपल्या जवळचं बघा. मुंबईत घाटकोपरला 13 मे 2024 ला असंच वळवाचं धुळीचं वारं आलं आणि पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. होर्डिंग 120 बाय 120 फुटाचं होतं, परवानगीचं माप 40 बाय 40. त्याच्या आदल्या वर्षी एप्रिलमध्ये पिंपरी-चिंचवडला किवळ्यात होर्डिंगखाली पाच माणसं गेली, तीही वाऱ्यापासून आडोसा घ्यायला तिथं थांबलेली. ही माणसं वाऱ्यानं मेली म्हणायचं? आमच्याकडं चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स बांबूला काथ्यानं बांधून उभे असतात, नेत्याचा चेहरा जेवढा मोठा तेवढं शीड मोठं, आणि ते उतरवायला कुणी हात लावत नाही.

कुणी म्हणेल, हवामान बदललंय, पूर्वी असं वारं नव्हतं, जुने आकडे आता चालणार नाहीत. यात तथ्य आहे. अरबी समुद्र तापतोय, त्यातली चक्रीवादळं वाढलीत असं शास्त्रज्ञ सांगताहेत, 2021 च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यानं वर सरकलं तेव्हा गोव्यात आणि कोकणात काय झालं ते आपण बघितलंय. पण वारं वाढतंय म्हणूनच तर तयारी जास्त पाहिजे ना? हवामान बदलाचं नाव घेऊन हात वर करणं आणि देवाचं नाव घेऊन हात वर करणं यात फरक काय राहिला? विमानांचं उदाहरण घ्या. ढगातून खाली आपटणाऱ्या या वाऱ्यानंच अमेरिकेत विमानं पडत होती. 1975 ला न्यूयॉर्कला एक पडलं, त्याचा अभ्यास करून फुजिता नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं हे वारं कसं खाली येतं ते दाखवलं, आधी अनेकांनी मानलं नाही. 1985 ला डॅलसला आणखी एक पडलं. त्यानंतर विमानतळावर आणि विमानांत इशारा देणारी यंत्रं आली, वैमानिकांचं ट्रेनिंग बदललं, आणि तिथले असले अपघात जवळजवळ थांबले. ढग तेच, वारं तेच.

आणि आपल्याकडं यंत्रं नाहीत असंही नाही. हवामान खात्याचं डॉप्लर रडार गोव्यात आहे. पुढच्या तीन तासांचा जिल्हावार इशारा निघतो. कर्नाटकाच्या नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्रानं होबळीपर्यंत, म्हणजे तालुक्याखालच्या महसुली मंडळापर्यंत, हवामान केंद्रं आणि ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक बसवलेत, देशात फार थोड्या राज्यांनी एवढं केलंय, हे आपण मोकळ्या मनानं मान्य केलं पाहिजे. पण तो इशारा खानापूर तालुक्यातल्या डोंगरातल्या म्हातारीपर्यंत, निपाणीच्या बाजारात बसलेल्या भाजीवालीपर्यंत तिला कळेल अशा भाषेत पोचतो का? येतो तो कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत. भाषिक अल्पसंख्याकांना 15 टक्क्यांच्या वर लोकसंख्या असेल तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, ही मागणी आपण परिपत्रकांसाठी, बसच्या पाट्यांसाठी वर्षानुवर्षं करतोय. मला वाटतं ती सगळ्यात आधी वादळाच्या इशाऱ्यासाठी करायला पाहिजे, कारण इथं अर्धा तास आधी कळलं तर पोरं घरात येतात, जनावरं झाडाखालून सुटतात. ढग महाराष्ट्रातल्या चंदगडवर तयार झाला काय नि कर्नाटकातल्या हुक्केरीवर झाला काय, तो दोन्हीकडं बरसतो. यात कन्नड माणसाचं काही कमी होत नाही, त्याला कन्नडमध्ये मिळू दे, मला मराठीत मिळू दे.

भरपाईचा मुद्दा येतो, तोही नीट मांडला जात नाही. "सरकारनं भरपाई द्यावी" म्हणून निवेदनं जातात, फोटो छापून येतात. पण केंद्राच्या आपत्तींच्या यादीत काय आहे ते कुणी बघितलंय? चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, कीड, थंडीची लाट. वळवाचं नुसतं वारं यात नाही. त्याच वळवात गार पडली तर शेतकरी यादीत बसतो, नुसत्या वाऱ्यानं केळीची बाग झोपली तर बसेलच असं नाही. राज्याला आपत्ती निधीतली 10 टक्क्यांपर्यंत रक्कम स्थानिक आपत्तीवर खर्च करता येते, तिथं जोर लावायला पाहिजे. आणि मिळते तेव्हा किती मिळते? 2022 ते 2026 साठीच्या निकषांत पक्क्या घराची थोडी पडझड झाली तर 6,500 रुपये, कच्च्या घराला 4,000, तेही पंधरा टक्के तरी नुकसान झालं असेल तर. पत्रे उडून भिजलेल्या धान्याला, पोरांच्या पुस्तकांना, फुगलेल्या टीव्हीला यात काय येणार? हेच पैसे वाऱ्याच्या आधी स्क्रू-पट्टीला गेले असते तर घर उघडं पडलंच नसतं.

राहिला पैशाचा प्रश्न. तारा जमिनीखाली घालणं महाग आहे हे खरं, खेड्यापाड्यात लगेच होणार नाही. पण मधला मार्ग आहे, आवरण असलेली, एकत्र पिळलेली केबल, एबी केबल म्हणतात ती, फांदी घासली तरी ठिणगी पडत नाही, आणि मग झाडाचं मुंडकं दरवर्षी उडवायची गरज राहत नाही. लाईनमन पोरं भर पावसात रात्री खांबावर चढतात त्यांचाही जीव त्यात वाचेल, त्यांच्याविषयी तर कुणी लिहीतच नाही. आणि तार पडून माणूस गेला तर जबाबदारी कुणाची, यावर सुप्रीम कोर्टानं मध्य प्रदेशच्या वीज मंडळाच्या खटल्यात 2002 सालीच सांगितलंय. पावसाच्या पाण्यात पडलेल्या जिवंत तारेला लागून सायकलवाला गेला होता, मंडळ म्हणालं ती तार दुसऱ्या कुणीतरी वीज चोरायला टाकलेली, कोर्टानं ऐकलं नाही, एवढी धोक्याची वस्तू चालवणाऱ्यालाच जबाबदारी घ्यावी लागेल म्हणालं. मग मुळं कापणाऱ्याला हा न्याय का नाही? रस्ता खणायची परवानगी देताना जवळच्या झाडांचा नकाशा मागा, बुंध्यापासून किती लांब खणायचं ते कागदावर लिहून घ्या, अनामत रक्कम ठेवून घ्या, आणि तीन पावसाळे झाड उभं राहिलं तरच ती परत द्या. आणि झाड पडल्यावर क्रेन येऊन दोन तासांत सगळं उचलून नेते, पंचनाम्यात "जोराच्या वाऱ्यामुळं झाड पडले" एवढीच ओळ लागते, पुरावा ट्रॉलीतून वखारीत जातो. म्हणून ज्यांच्या वॉर्डात झाड पडेल त्यांनी गाडीचा फोटो काढून झाला की बुडाकडं जाऊन मुळांचेही दोन फोटो काढावेत, कापलेलं तोंड दिसेल असे, आणि नगरसेवकाला सांगून पंचनाम्यात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात, मुळं कुठल्या बाजूची कापलेली होती आणि त्या बाजूला शेवटचं खोदकाम कुणी, कुठल्या तारखेला केलं होतं.